दगडांना नावे देणारा माणूस : सर लुईस ली फर्मर

थोर व्यक्तींची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर देशभक्त, संत आणि समाजसुधारक उभे राहतात. ते योग्यही आहे. पण काही माणसे अशी असतात की त्यांचे नाव भूगोलाच्या पुस्तकातील एखाद्या ओळीमागे दडलेले असते. ‘नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगनीज सापडते’ ही ओळ आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. दोन गुणांच्या प्रश्नाला ती पुरते, म्हणून तिच्यापुढे कोणी जात नाही. ते मँगनीज कोणी तपासले, कोणत्या दगडातून ते निघते, तो दगड तेथे कसा आला, असे प्रश्न परीक्षेत येत नाहीत. त्या एका ओळीमागे एका माणसाच्या आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची पडली आहेत. त्या माणसाचे नाव सर लुईस ली फर्मर.

मी भूगोल विषय घेऊन द्वितीय वर्ष कला शाखेत शिकते आणि राहते धाटावला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आमचा रोहे तालुका काळ्या बेसाल्टचा. येथे मँगनीज नाही, सोने नाही, तांबे नाही. मग या विषयाकडे मी का वळले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. आधी चरित्रनायकाची ओळख करून घेऊ.

फर्मर यांचा जन्म १८ सप्टेंबर १८८० रोजी लंडनमध्ये झाला. वडील बँकेत कारकून. सहा भावंडांत लुईस सर्वांत थोरले. घरची स्थिती बेताची म्हणावी अशी. कारकुनाच्या पगारात सहा मुलांचे शिक्षण करणे लंडनमध्येही सोपे नव्हते. मुलगा हुशार निघाला आणि शिष्यवृत्तीच्या बळावर रॉयल स्कूल ऑफ माइन्स या नामांकित संस्थेत दाखल झाला. धातुशास्त्रज्ञ व्हावे, भट्टीतून धातू कसा काढावा ते शिकावे, अशी त्याची इच्छा होती. पण तेथील भूशास्त्राचे प्राध्यापक जड यांनी त्याची नजर ओळखली व त्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जागेसाठी अर्ज करावयास सुचविले. गुरूच्या एका सूचनेने माणसाचे आयुष्य कसे वळण घेते याचे हे उत्तम उदाहरण आहे. १९०२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, फर्मर कलकत्त्यास रुजू झाले.

सर्वेक्षणाची स्थापना १८५१ ची. आरंभी या खात्याचे मुख्य काम कोळसा शोधणे हे होते, कारण आगगाड्यांना कोळसा हवा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र जगाला आणखी एका खनिजाची भूक लागली. ते म्हणजे मँगनीज. पोलाद तयार करताना वितळलेल्या लोखंडात राहिलेला प्राणवायू व गंधक काढून टाकण्यासाठी मँगनीज घालावे लागते. त्यावाचून पोलाद ठिसूळ होते. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका येथील भट्ट्या धडधडत होत्या. आपल्याकडे आधी विजयनगरम् भागात आणि शतक पालटताना मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यात, मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. रामटेकजवळचे मनसर हे त्यांतील आरंभीचे ठिकाण. आठ-दहा वर्षांत उत्पादन इतके वाढले की १९०७ साली भारतातून सुमारे नऊ लाख टन मँगनीज निघाले.

धंदा तर भरभराटीला आला. पण जमिनीखाली किती आहे, कोठपर्यंत आहे, ते कसे बनले, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. हे काम तरुण फर्मर यांच्याकडे आले. मनसर, कांद्री, सातक, बेलडोंगरी, लोहडोंगरी, काचरवाही, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही आपल्या विदर्भातील गावे त्यांनी पायाखाली घातली. हिवाळ्याचे महिने तंबूत काढायचे, उन्हाळा-पावसाळा कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत आणलेले नमुने तपासायचे, असा सर्वेक्षणातील लोकांचा क्रम असे. या श्रमांचे फळ १९०९ साली ‘भारतातील मँगनीजचे निक्षेप’ या विषयावरील त्यांच्या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. हा ग्रंथ बाराशेहून अधिक पानांचा आहे आणि त्या वेळी लेखकाचे वय तीस वर्षेही नव्हते.

आता हे तपासणे म्हणजे काय, ते थोडे समजून घेतले पाहिजे. नाहीतर फर्मर यांचा मोठेपणा कळणार नाही. सर्वसाधारण माणसाला मँगनीजचा दगड म्हणजे हाताला काळे लावणारा जड दगड. पण त्या काळ्या रंगात पुष्कळ खनिजे लपलेली असतात. पायरोल्युसाइट मऊ असते, बोटाला काजळीसारखे लागते. ब्राउनाइट कठीण, दाणेदार. सायलोमेलेन नावाने ओळखला जाणारा प्रकार पुष्कळदा द्राक्षाच्या घोसासारखा गोलगोल असतो आणि फोडला तर आत कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकावर एक थर दिसतात. असे थर दिसले की समजावे, येथे पाणी झिरपत होते आणि ते आपल्याबरोबर आणलेला धातू थोडा थोडा करून ठेवून गेले.

शिरांचेही तसेच. खडकाला तडा जातो आणि त्या तड्यात नंतर आलेले द्रव्य गोठते. त्याला खनिजाची शीर म्हणतात. कुडाच्या भिंतीला भेग पडली की आपल्या आया-आज्या ती शेणमातीने लिंपतात. पुढे त्या लिंपणाला आडवी भेग पडली आणि तीही लिंपली, तर कोणते लिंपण आधीचे आणि कोणते नंतरचे, हे परक्या माणसालाही सांगता येईल. जी शीर दुसरीला कापून जाते ती नंतरची. एवढ्या साध्या नियमावर भूशास्त्रज्ञ कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या घटनांचा क्रम लावतो. शिरेच्या कडेला बारीक कण आणि मध्यभागी मोठे स्फटिक असतील, तर ती कडेपासून आत भरत गेली. मध्ये पोकळी राहिली असेल, तर स्फटिकांची टोके त्या पोकळीकडे तोंड करून उभी असतात. फर्मर यांनी खाणीखाणीतून हे वाचन केले. झाबुआजवळच्या काजळीडोंगरी खाणीत मँगनीजच्या थरांना छेदून जाणाऱ्या पांढऱ्या गारेच्या शिरांत त्यांना काळे, चकचकीत स्फटिक सापडले. ते कोणत्याही ज्ञात खनिजाशी जुळेनात. १९०६ साली त्यांनी ते नवे खनिज म्हणून जाहीर केले व त्याला हॉलंडाइट हे नाव दिले.

काचरवाहीला त्यांना एक वेगळेच खनिज मिळाले. त्याची कागदाहूनही पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि ध्रुवित प्रकाशात फिरविली, की ती एका दिशेने गुलाबी, दुसऱ्या दिशेने जांभळट आणि तिसऱ्या दिशेने आकाशी दिसते. नागपूर जिल्ह्यातील एका काळ्या खाणीत असे रंग दडले असतील असे कोणाला वाटले असते? याला त्यांनी ब्लॅनफोर्डाइट म्हटले. त्यांना भूशास्त्राकडे वळविणाऱ्या प्राध्यापकांच्या गौरवार्थ एका खनिजास जडाइट हे नाव दिले. बेलडोंगरीवरून बेलडोंगराइट आले, छिंदवाड्यातील सीतापारवरून सीतापाराइट आले, व्रेडेनबर्ग या सहकाऱ्यावरून व्रेडेनबर्गाइट आले. पुढे १९१० साली लंडनच्या दोघा अभ्यासकांनी सीतापारच्याच मँगनीजमधील एका फिकट गुलाबी-पांढऱ्या खनिजाचे पृथक्करण केले आणि त्याला फर्मराइट असे नाव देऊन शोधणाऱ्याचा गौरव केला.

या नावांच्या यादीशी मी बराच वेळ थांबले. हॉलंडाइट हे नाव ज्यांच्यावरून दिले ते सर थॉमस हॉलंड १९०३ साली सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. त्यांच्याहून सेवेने ज्येष्ठ असलेले प्रमथनाथ बोस यांना त्या वेळी डावलण्यात आले आणि त्या वर्षी बोस यांनी सर्वेक्षण सोडले. याच बोसांनी पुढच्याच वर्षी मयूरभंजच्या लोखंडाकडे टाटांचे लक्ष वेधले आणि त्यातून जमशेदपूरचा कारखाना उभा राहिला, हे सर्वश्रुत आहे. यात तरुण फर्मर यांचा काहीच दोष नव्हता. ते तर नुकतेच नोकरीस लागलेले होते. पण नावे कोणाची पडतात आणि कोणाची पडत नाहीत, हे ठरविणारी खुर्ची कोणाकडे होती, ते यावरून कळते. या खात्याला पहिला भारतीय प्रमुख मिळाला तो १९५१ साली, एम. एस. कृष्णन यांच्या रूपाने. म्हणजे स्थापनेनंतर तब्बल शंभर वर्षांनी.

आणि खाणीत राबणारे हात? त्या काळी मँगनीजच्या बहुतेक खाणी उघड्या होत्या. पहारीने दगड सुटा करायचा, हातोड्याने फोडायचा, चांगला वाईट निवडायचा आणि डोक्यावरून वाहून ढीग रचायचे. हे काम पुरुषांइतकेच बायकाही करीत. त्यांत आदिवासी व इतर गोरगरीब मजूर होते. काळा दगड हातात घेताच वजनावरून तो कसदार की हलका, हे त्यांना कळत असणार. त्याशिवाय निवडण्याचे काम होणारच नाही. त्यांच्या ज्ञानाला नाव नव्हते, एवढेच.

या विषयाकडे मी का वळले, त्याचे उत्तर येथे आहे. आमच्या धाटावला औद्योगिक वसाहत आहे. माझे वडील तेथील एका कारखान्यात पाळीने काम करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. पिंपांवरची इंग्रजी नावे त्यांना वाचता येत नाहीत. पण कोणते पिंप कशाचे, कोणते उन्हात ठेवायचे नाही, कोणत्याच्या जवळ पाणी न्यायचे नाही, हे त्यांना रंगावरून आणि वासावरून बिनचूक सांगता येते. नव्याने आलेल्या शिकलेल्या पोरांना ते शिकवितात. त्यांच्या हुद्द्यात मात्र त्याने फरक पडत नाही. म्हणून ज्याने दगडांना नावे दिली त्याचे चरित्र वाचताना, तो दगड उचलून त्याच्या हाती देणारा कोण होता, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

फर्मर यांच्या बाजूने एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. विदर्भातील मँगनीज ज्या खडकाबरोबर सापडते तो खडक प्रामुख्याने गार आणि मँगनीजयुक्त तांबडा-पिवळा गार्नेट यांचा बनलेला असतो. त्याला नाव हवे होते. ते त्यांनी कोणा साहेबावरून दिले नाही. त्या प्रदेशातील मूळ रहिवासी गोंड, म्हणून त्या खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ म्हटले. आज जगातल्या कोणत्याही देशात असा खडक सापडला तरी भूशास्त्रज्ञ त्याला गोंडाइटच म्हणतात.

गोंडाइट कसा बनला, याविषयी फर्मर यांचे मत होते की प्राचीन समुद्राच्या तळाशी वाळू व चिखल यांच्याबरोबर मँगनीजचा गाळही साचला, पुढे तो खोल गाडला गेला आणि उष्णता व दाब यांनी त्याचे रूपांतर झाले. हे मत आजही मुळात ग्राह्य मानले जाते. मात्र विजयनगरम् भागातील कोडुराइट नावाचा खडक वितळलेल्या शिलारसापासून झाला, हे त्यांचे दुसरे मत टिकले नाही. मँगनीजचा जुना गाळ आणि नंतर त्यात घुसलेला ग्रॅनाइटचा रस यांच्या मिश्रणातून तो झाला, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखविले.

नावांचेही तसेच झाले. मँगनीजची बहुतेक खनिजे अपारदर्शक. कितीही पातळ चकती केली तरी त्यांतून प्रकाश जात नाही. फर्मर यांच्या तरुणपणी अशा खनिजांचा पृष्ठभाग आरशासारखा घासून, परावर्तित प्रकाशात तपासण्याची पद्धत बाल्यावस्थेत होती. ती रूढ झाली तेव्हा व्रेडेनबर्गाइट हे एक खनिज नसून दोन खनिजांची अत्यंत बारीक वीण आहे, असे आढळले. हॉसमनाइट आणि जेकबसाइट ही ती दोन खनिजे. फर्मर यांना ते लोहचुंबकाला चिकटते असे दिसले होते, आणि ते खरेच होते. पण ती ओढ त्यातील जेकबसाइटची होती. सीतापाराइट म्हणजे अमेरिकेत आधीच वर्णन झालेले बिक्सबाइट निघाले. बेलडोंगराइट, जडाइट हीही यादीतून गेली. खुद्द फर्मराइटचे नावही २०१० साली आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रज्ञांनी बदलले. हॉलंडाइट मात्र टिकले आणि आज त्या रचनेच्या खनिजांच्या एका मोठ्या गटालाच ते नाव आहे. गोंडाइटही टिकला.

विद्वानाने केलेले काम पुढच्या पिढीने खोडले म्हणून ते वाया गेले, असे मात्र म्हणता येत नाही. फर्मर यांनी प्रत्येक नमुन्याचे ठिकाण, रंग, कठीणपणा, रासायनिक पृथक्करण नीट लिहून ठेवले नसते, तर पुढच्यांना खोडायला तरी काय मिळाले असते?

आता आपल्या बेसाल्टकडे येऊ. कारण फर्मर यांचा त्याच्याशीही संबंध आला. भुसावळ येथे कोळसा लागतो का, हे पाहण्यासाठी खोल छिद्र घेण्यात आले होते. बाराशे फुटांहून खाली गेले तरी बेसाल्टचा तळ लागला नाही. कोळसा मिळाला नाही, म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने तो प्रयत्न फसला. पण वर काढलेले दगडी कांडे फर्मर यांनी इंचाइंचाने तपासले आणि त्यात लाव्ह्याचे एकोणतीस निरनिराळे थर मोजले. त्यावरील त्यांचा निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. लाव्ह्याच्या प्रत्येक लोटाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे जाळीदार होतो आणि त्या भोकांत पुढे पांढरी खनिजे भरतात. रोह्याच्या आसपास दगड फोडतात तेथे काळ्या खडकात असे पांढरे ठिपके आपण सर्वांनी पाहिले असतील. लहानपणी आम्ही त्यांना साखरेचे खडे म्हणत असू. ते म्हणजे लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या पोकळीत पाण्याने मागे ठेवलेली खनिजे होत. विदर्भातील शिरांना जो नियम लागू, तोच या ठिपक्यांना लागू. आमच्या तालुक्यात खाण नसली तरी वाचायला दगड आहेत, हे मला फर्मर यांच्यामुळे कळले.

१९३० साली फर्मर सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. १९३३ साली भारतीय विज्ञान परिषदेच्या पाटणा अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९३४ च्या जानेवारीत बिहार व नेपाळ हादरविणारा भीषण भूकंप झाला, तेव्हा त्याच्या पाहणीची जबाबदारी त्यांच्या खात्यावर आली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. १९३५ च्या जानेवारीत कलकत्त्यास राष्ट्रीय विज्ञान संस्था स्थापन झाली व तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हीच संस्था आज भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून दिल्लीत आहे. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला आणि ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही मलायातील खाणधंद्याची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिला. २४ मे १९५४ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

या यशस्वी जीवनाची एक दुसरी बाजू आहे. त्यांचा मुलगा पॅट्रिक १९१५ साली लंडनमध्ये जन्मला. महायुद्ध चालू होते, समुद्रात पाणबुड्यांचे भय होते. म्हणून आई थोरल्या मुलीला घेऊन भारतात परतली आणि तान्ह्या पॅट्रिकला इंग्लंडमधील एका खेड्यातील कुटुंबाकडे ठेवले. आईची पुन्हा भेट झाली तेव्हा तो चार वर्षांचा होता. पुढे आईवडील विभक्त झाले. वडील भारतात, मुलगा इंग्लंडात. भेट व्हायची ती वडिलांच्या रजेपुरती. १९३३ च्या डिसेंबरात, वडील खात्याच्या सर्वोच्च पदावर असताना, अठरा वर्षांचा हा मुलगा हॉलंडहून पायी निघाला तो कॉन्स्टॅन्टिनोपलपर्यंत गेला. पुढे तो इंग्रजीतील ख्यातनाम प्रवासवर्णनकार झाला. आज सर्वसामान्य वाचक फर्मर हे नाव ओळखतो ते या मुलामुळे. आम्हा कोकणातील लोकांना गणपती आणि शिमग्यालाच घरी येणारे चाकरमानी वडील नवे नाहीत. म्हणून या बापलेकांची हकीकत मला परक्या देशाची वाटली नाही. दगडांची वंशावळ लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलाचे बालपण पाहता आले नाही, ही त्या कीर्तीची किंमत होय. ती त्यांच्यापेक्षा मुलाने अधिक मोजली.

फर्मर यांनी तपासलेल्या पट्ट्यातील मोठ्या खाणी इंग्रज कंपनीकडून १९६२ साली मॉइल या कंपनीकडे आल्या. तिचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे. चिखला, डोंगरी बुजुर्ग, मनसर, कांद्री येथून आजही मँगनीज निघते. आपल्या विजेरीतील कोरड्या घटात जी काळी भुकटी असते ती मँगनीजचीच, आणि गावात साथ आली की विहिरीत जी जांभळी पूड टाकीत असत तिच्यातही मँगनीजच असते.

फर्मर परकीय सत्तेचे नोकर होते. त्यांच्या नकाशांचा पहिला लाभ परदेशी कंपन्यांना झाला, हे विसरून चालणार नाही. परंतु त्यांनी लिहिलेले खोटे नव्हते, आणि जे लिहिले ते येथेच राहिले. पुढच्या भारतीय अभ्यासकांनी ते वाचले, पडताळले, जेथे चुकले तेथे दुरुस्त केले. परक्याने लिहिलेले आपले करून घेण्याचा हाच एक मार्ग आहे. आपल्या ग्रंथालयात जिल्ह्यांची जुनी गॅझेटिअर्स आहेत. ती सहसा कोणी मागत नाही. माझ्या भगिनींनो व बंधूंनो, एखाद्या रिकाम्या तासाला ती मागून पाहा. आणि घरी गेल्यावर, ज्यांना नाव लिहिता येत नाही पण वस्तू ओळखता येते, अशा आपल्या वडीलधाऱ्यांनाही दोन प्रश्न विचारा. त्यांना ठाऊक असलेले कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे, आणि घरात लिहिता येणारे पहिले आपणच आहोत.